आरोपी टेंभुर्णीतच का शोधता?

औषधांना दाद न देणाऱ्या जंतूंचा विषय निघाला की आपल्याकडे एक ठरलेलं आरोपपत्र वाचून दाखवलं जातं. पहिला आरोपी खेड्यातला रुग्ण. त्याला जरा बरं वाटलं की तो गोळ्या सोडून देतो. दुसरा मेडिकलवाला. तो चिठ्ठी न बघता पट्टी कापून देतो. तिसरा गल्लीतला तो ‘डॉक्टर’, ज्याच्या पाटीवरची पदवी आजवर कुणी नीट वाचलेली नसते. दरवर्षी नोव्हेंबरात १८ ते २४ तारखांना जागृती सप्ताह येतो, भिंतींवर पोस्टरं लागतात, मोठ्या रुग्णालयांच्या सभागृहांत व्याख्यानं होतात आणि हेच तिघे पुन्हा पिंजऱ्यात उभे केले जातात. अडाणीपणा गेला की प्रश्न सुटला, अशी सगळ्यांची समजूत करून दिली जाते.

या आरोपपत्रात तथ्य अजिबात नाही असं मी म्हणणार नाही. पण मुख्य गुन्हा त्यात नोंदलेलाच नाही. आणि ज्यांची प्रतिकारशक्ती खालावलेली आहे, म्हणजे केमो चालू असलेला, डायलिसिसवरचा, मूत्रपिंड बदललेला, वर्षानुवर्षं साखर वाढलेला माणूस किंवा दिवस न भरता जन्मलेलं बाळ, त्यांच्या बाबतीत तर हे आरोपपत्र तपासच भलतीकडे नेतं.

टेंभुर्णीच घ्या. उसाची, सोलापूरकडची टेंभुर्णी वेगळी, नाव घेतलं की लोकांना तीच आठवते. ही जालना जिल्ह्यातली, जाफराबाद तालुक्यातली, बुलढाण्याच्या हद्दीकडच्या पट्ट्यातली. कपाशी, सोयाबीन, मका आणि अलीकडे शेडनेटमधले बियाण्यांचे प्लॉट. अशा गावात बाजाराच्या दिवशी मेडिकलच्या काउंटरशी दहा मिनिटं उभं राहिलं तर काय ऐकू येतं? डॉक्टरांनी पाच दिवसांच्या गोळ्या लिहिलेल्या असतात. मावशी पदराच्या गाठीतून नोटा काढून मोजते, पुन्हा मोजते आणि म्हणते, “भाऊ, दोन दिवसाच्याच दे. बाकीच्या कापूस इकल्यावर नेते.” मेडिकलवाला कात्री घेतो आणि पट्टी कापतो. शहरातल्या पोस्टरवर याला अज्ञान म्हणतात. मावशीला गोळ्या किती दिवस घ्यायच्या ते चांगलं ठाऊक असतं. चिठ्ठीवर लिहिलेलं असतं आणि मेडिकलवाल्याने वाचूनही दाखवलेलं असतं. कमी पडतात ते पैसे.

बरं, अर्धवट गोळ्यांनीच जंतू माजतात, हे तरी कितपत खरं? ही गोष्ट खुद्द अलेक्झांडर फ्लेमिंगपासून चालत आली आहे. १९४५ च्या डिसेंबरात नोबेल स्वीकारताना केलेल्या भाषणात त्याने एक काल्पनिक गृहस्थ उभा केला. घसा दुखतो म्हणून हा माणूस पेनिसिलिन आणतो, पुरेसं घेत नाही, घशातले स्ट्रेप्टोकोकाय मरत नाहीत, उलट औषधाला सरावतात, आणि पुढे त्याच जंतूंनी त्याची बायको दगावते. गोष्ट प्रभावी होती. अडचण एवढीच की घसा धरणारा तो स्ट्रेप्टोकोकस ऐंशी वर्षांनंतर आजही पेनिसिलिनला मुकाट्याने मरतो. २०१७ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये काही इंग्रज तज्ज्ञांनी स्पष्टच लिहिलं की ‘कोर्स पूर्ण करा’ या सल्ल्यामागे बहुतेक आजारांत ठोस पुरावा नाही. गरजेपेक्षा जास्त दिवस औषध घेतल्याने प्रतिरोध वाढतो, याचा पुरावा मात्र आहे. कारण औषध काही आजाराच्या जंतूला एकट्याला गाठत नाही. ते आतड्यातल्या अब्जावधी निरुपद्रवी जंतूंवरूनही जातं आणि जितके दिवस जातं तितके दिवस त्यांच्यातले चिवट तेवढे निवडून मागे ठेवतं. म्हणून कुणी आपल्या मनाने गोळ्या सोडाव्यात असं मी सांगत नाही. दिवस किती, ते डॉक्टरनेच ठरवायचं. आणि क्षयरोगात सहा महिने म्हणजे सहा महिनेच, तिथे सूट नाही. पण पट्टी कापून नेणाऱ्या मावशीला देशातल्या औषधप्रतिरोधाची जननी ठरवणं बंद करा.

आता ज्यांच्यासाठी हा प्रश्न खरोखर जिवाचा आहे त्यांच्याकडे येऊ. केमोचं सलाईन घेतल्यावर साधारण दुसऱ्या आठवड्यात रक्तातल्या पांढऱ्या पेशी तळाला जातात. त्यातल्या जंतूंशी झुंजणाऱ्या न्यूट्रोफिल पेशी दर मायक्रोलिटरला पाचशेच्या खाली आल्या की शरीराचा पहारा उठल्यात जमा असतो. अशा माणसाला पू होत नाही, जखम लालबुंद होत नाही, छातीच्या फोटोतही सुरुवातीला काही दिसत नाही, कारण हे सगळं घडवायला लागणाऱ्या पेशीच उरलेल्या नसतात. ताप हीच एकमेव खूण. थर्मामीटरने १०१ दाखवलं की तासाभरात शिरेतून अँटिबायोटिक गेलं पाहिजे. रक्ताचा नमुना घ्यायचा, पण अहवालासाठी थांबायचं नाही. उशीर झाला तर रक्तदाब कोसळतो, लघवी थांबते आणि रुग्ण हातचा जातो.

टेंभुर्णीतल्या घरात हा ताप रात्री अकराला येतो असं धरा. घरातले क्रोसिन देतात, घाम येऊन ताप उतरतो, सगळ्यांना वाटतं आता बरं आहे, सकाळी बघू. सकाळी गाडी करून जालना आणि तिथून पुढे साठेक किलोमीटरवर छत्रपती संभाजीनगरचं शासकीय कर्करोग रुग्णालय. दरम्यान वाटेत कुणी पहिलं इंजेक्शन द्यायला तयार होतंच असं नाही, कारण ‘उगाच अँटिबायोटिक नको’ हा धडा आता सगळ्यांचा पाठ झालाय. सर्दीच्या माणसाला हा धडा योग्य आहे. या रुग्णाला तोच मारतो. सगळ्यांना एकच ‘जपून वापरा’ सांगत सुटलं की जिथे क्षणाचीही चालढकल परवडत नाही तिथेही हात आखडतो, हे पोस्टर लिहिणाऱ्यांच्या गावीही नसतं.

आणि त्याला घेरणारा जंतू येतो कुठून? बहुतेक वेळा त्याच्याच आतड्यातून. केमोने आतड्याचं अस्तर सोललेलं असतं आणि तिथे मुक्कामाला असलेले क्लेब्सिएला, ई. कोलाय रक्तात उतरतात. डायलिसिसच्या रुग्णाच्या मानेत नळी असते आणि जंतू त्या वाटेने आत शिरतो. कधी ती नळी हाताळणाऱ्या हातावरून. जंतू नेहमीचा असेल तर नेहमीचं औषध चालतं. पण मेरोपेनेमसारख्या राखीव औषधालाही न जुमानणारा असेल तर उरतं कोलिस्टिन. हे १९५०च्या दशकात वापरात आलेलं आणि मूत्रपिंड बिघडवतं म्हणून जवळपास अडगळीत टाकलेलं औषध. असा जंतू टेंभुर्णीच्या शेतकऱ्याच्या आतड्यात पोहोचतो कसा? मेडिकलमधून कापून नेलेल्या सहा गोळ्यांनी? तो आधी किती वॉर्डांत किती दिवस झोपला, शेजारच्या खाटेवर कोण होतं, नर्सने दोन रुग्णांच्या मध्ये हात धुतले का, तिथल्या बेसिनला पाणी होतं का, हे कुणी विचारत नाही. विचारलं तर उत्तर द्यावं लागेल आणि उत्तर रुग्णालयाच्या आत सापडेल.

दिल्लीतल्या तीन मोठ्या रुग्णालयांत २०११ ते २०१४ या काळात नवजात बाळांचा अभ्यास झाला. त्यात रक्तात जंतुसंसर्ग झालेल्या बाळांपैकी जवळपास दोन तृतीयांशांना तो जन्मानंतर पहिल्या ७२ तासांतच झालेला होता. सर्वांत जास्त आढळला ॲसिनेटोबॅक्टर, आणि त्याचे ८२ टक्के नमुने एकाच वेळी अनेक औषधांना दाद न देणारे निघाले. तीन दिवसांच्या बाळाने कुठला कोर्स अर्धवट सोडला होता? कुठल्या मेडिकलवाल्याकडून चिठ्ठीशिवाय गोळ्या आणल्या होत्या?

करोनाच्या पहिल्या लाटेत, २०२० च्या पावसाळ्यात, भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने दहा रुग्णालयांतली आकडेवारी गोळा केली. दाखल रुग्णांपैकी ३.६ टक्के लोकांना रुग्णालयात दुसरा जंतुसंसर्ग झाला. सगळ्या दाखल रुग्णांतला मृत्युदर १०.६ टक्के होता, या गटातला ५६.७. जंतू तेच दोघे, क्लेब्सिएला आणि ॲसिनेटोबॅक्टर.

मोठ्या रुग्णालयांचा विषय निघालाच आहे तर थोडा इतिहास. २००९ च्या ऑगस्ट ते नोव्हेंबर या तीन महिन्यांत मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयात कार्बापेनेम गटातल्या, म्हणजे मेरोपेनेमच्या जातीच्या औषधांना न जुमानणारे चोवीस जंतू तपासले गेले, त्यातल्या बावीस जंतूंत ही औषधं निकामी करणारं एनडीएम-१ हे विकर सापडलं. ही माहिती मुंबईच्याच डॉक्टरांनी, भारतातल्याच वैद्यकीय नियतकालिकात २०१० च्या मार्चमध्ये छापली. तेव्हा कुणाला जाग आली नाही. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ‘लॅन्सेट’च्या नियतकालिकात तोच विषय आला आणि विकराच्या नावात ‘नवी दिल्ली’ आहे हे कळताच आपल्या सरकारचा तोल गेला. देशाची बदनामी, वैद्यकीय पर्यटन बुडवण्याचा डाव, असं सगळं बोलून झालं. पुढच्याच वर्षी दिल्लीतल्या नळाच्या पन्नास नमुन्यांपैकी दोनांत आणि रस्त्याकडेला साचलेल्या, गळतीच्या १७१ नमुन्यांपैकी ५१ मध्ये त्याच विकराचं जनुक सापडलं. ही जनुकं प्लाझ्मिड नावाच्या सुट्या कडीवर बसून एका जंतूतून दुसऱ्या जंतूत जातात, जातही ओलांडतात. ती नळाच्या पाण्यात पोहोचली याचा अर्थ ज्याने आयुष्यात अँटिबायोटिकची गोळी पाहिली नाही त्याच्या पोटातही ती जाऊ शकतात. सांडपाणी शुद्ध न करता सोडणाऱ्याला मात्र जागृती सप्ताहाचं निमंत्रण नसतं.

अँटिबायोटिक बेफाम लिहितं कोण, तेही पाहू. राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्राने २०२१-२२ मध्ये वीस मोठ्या संस्थांतल्या साडेनऊ हजारांहून जास्त दाखल रुग्णांची पाहणी केली. ७१.९ टक्के रुग्णांना अँटिबायोटिक चालू होतं. त्यातलं निम्म्याहून जास्त, ५५ टक्के, संसर्ग होऊ नये म्हणून ‘आधीच’ दिलेलं. उरलेलं उपचारासाठी होतं, पण नेमका जंतू कळल्यावर दिलेल्याचं प्रमाण अवघं ६ टक्के. या संस्था टेंभुर्णीत नाहीत, तिथे चिठ्ठी लिहिणाऱ्यांच्या पदव्या अस्सल आहेत. संशोधन परिषदेच्या अहवालांत क्लेब्सिएलावर इमिपेनेम हे कार्बापेनेम गटातलंच औषध चालण्याचं प्रमाण २०१६ मधल्या ६५ टक्क्यांवरून २०२१ मध्ये ४३ वर आलेलं दिसतं. हे नमुनेही मुख्यतः अशाच मोठ्या रुग्णालयांतले आहेत. म्हणजे आकडे शहरातल्या अतिदक्षता विभागाचे, आणि त्यांचं पाप खेड्याच्या माथी. कर्ज एकाने उचलायचं आणि जप्ती जामीनदाराच्या दारात, असा हा व्यवहार आहे.

यावर एक उत्तर तयार असतं: मग कडक कायदा करा, चिठ्ठीशिवाय एकही गोळी मिळता कामा नये. कायदा आहे. १ मार्च २०१४ पासून शेड्यूल एच-वन लागू आहे. सिफिक्झिम, लिव्होफ्लॉक्सॅसिन, मेरोपेनेम अशी चोवीस अँटिबायोटिक्स त्यात आहेत. विक्रीची नोंद वेगळ्या रजिस्टरात करायची आणि ते तीन वर्षं जपायचं. पण चिठ्ठी लिहिणारा एमबीबीएस डॉक्टर रात्री गावात नसेल तर चिठ्ठी आणायची कुठून? ‘लॅन्सेट’मध्ये २०१६ साली आलेल्या एका अंदाजानुसार १०१ देशांत अँटिबायोटिक सर्वांपर्यंत पोहोचली तर पाच वर्षांखालच्या मुलांचे न्यूमोनियाने होणारे ४,४५,००० मृत्यू वर्षाला टळतील. आणि २०२५ मध्ये आलेल्या दुसऱ्या अभ्यासानुसार कार्बापेनेमलाही दाद न देणाऱ्या जंतूंनी गाठलेल्या भारतीय रुग्णांपैकी योग्य औषध पोहोचलं फक्त ७.८ टक्के रुग्णांपर्यंत. अति वापर आणि अजिबात न मिळणं, दोन्ही एकाच देशात, कधीकधी एकाच तालुक्यात चालू आहे. नुसत्या कुलपाने यातला दुसरा अर्धा भाग अधिक बिकट होतो.

मेडिकलवाल्याची आणि पुडीत सुट्या गोळ्या बांधून देणाऱ्या गल्लीतल्या त्या ‘डॉक्टर’ची बाजू मी घेतोय असा कुणाचा समज होत असेल तर एक गोष्ट सांगतो. पुडीतली मला सर्वांत भीती वाटणारी गोळी अँटिबायोटिकची नाही. ती असते बारीकशी, पांढरी, स्टिरॉइडची. डेक्सा किंवा तत्सम. ताप, अंगदुखी, दमा, सांधे, सगळ्यावर ती चालते, दुसऱ्या दिवशी माणूस कामावर जातो आणि डॉक्टरच्या हाताला गुण आहे असं म्हणतो. महिनोन् महिने ती पोटात गेली की साखर वाढते, कातडी पातळ होते आणि प्रतिकारशक्ती हळूहळू बसत जाते. कपाशीच्या रानात अनवाणी फिरताना काटा रुतला तरी पायाला बधिरपणा आलेल्या मधुमेह्याला ते कळत नाही, आणि मग तो पाय वाचवायला महिनाभर अँटिबायोटिक लागतं. म्हणजे गावात प्रतिकारशक्ती खालावलेले रुग्ण घडवण्याचं काम चालू आहे आणि आपलं सगळं लक्ष अँटिबायोटिकच्या पट्टीवर. धाड घालायचीच असेल तर त्या पांढऱ्या गोळीवर घाला. माझी हरकत नाही.

तसंच रानातलं. कपाशीवरच्या जिवाणूजन्य करप्याला कॉपर ऑक्सिक्लोराईडबरोबर स्ट्रेप्टोसायक्लिन फवारायची शिफारस मराठवाड्यातल्या शेतकऱ्याने वर्षानुवर्षं ऐकली आणि पाळली. त्या पुडीत स्ट्रेप्टोमायसिन आणि टेट्रासायक्लिन असतं, माणसाचीच औषधं. शेतकऱ्याने ते स्वतःच्या डोक्याने शोधलं नाही, शिफारशी शिकलेल्यांनी केल्या. आणि औषध कारखान्यांच्या सांडपाण्याचं काय? हैदराबादजवळच्या पाटणचेरूला कारखान्यांचं पाणी शुद्ध करून सोडणाऱ्या केंद्रातल्या पाण्यात २००७ मध्ये सिप्रोफ्लॉक्सॅसिन लिटरला ३१ मिलिग्रॅमपर्यंत सापडलं होतं. सांडपाण्यात अँटिबायोटिक किती चालेल याच्या मर्यादा केंद्र सरकारने २०२० च्या जानेवारीत मसुद्यात घातल्या. २०२१ च्या ऑगस्टमध्ये अंतिम नियम आले तेव्हा त्या मर्यादा गायब होत्या. मावशीला सहा गोळ्यांसाठी रागावणाऱ्यांपैकी किती जणांनी यावर लेख लिहिला?

जालन्याहून संभाजीनगरात शिरताना आधी चिकलठाणा लागतं. तिथल्या औद्योगिक वसाहतीत वोक्हार्टचं संशोधन केंद्र आहे. नॅफिथ्रोमायसिन आणि झिडेबॅक्टम हे रेणू याच केंद्रातून आले. झिडेबॅक्टम हे सेफेपाइम या अँटिबायोटिकबरोबर द्यायचं आणि रोख थेट त्या कार्बापेनेमलाही न जुमानणाऱ्या जंतूंवर. जगातल्या मोठमोठ्या कंपन्या नफा नाही म्हणून अँटिबायोटिकच्या संशोधनातून अंग काढून घेत असताना मराठवाड्यात हे काम झालं, याचा मला अभिमान आहे. आपल्या भागातल्या लोकांना हे क्वचितच माहीत असतं, तेही वाईटच. पण टेंभुर्णीहून तापाने फणफणलेला रुग्ण घेऊन जाणारी गाडी त्याच केंद्रावरून पुढे जाते आणि गाडीतल्या माणसाच्या रक्तात नेमका कुठला जंतू आहे हे जालन्यात कळलेलं नसतं, तोवर नव्या रेणूचा त्याला उपयोग काय? औषध कितीही नामी असलं तरी ते कुणाला द्यायचं हे जंतू वाढवून ओळखणाऱ्या कल्चरच्या थाळीशिवाय ठरत नाही. अंदाजाने दिलं तर तेही दहा वर्षांत निकामी होईल.

म्हणून मागण्या अगदी साध्या ठेवतो. २०२४ च्या ऑक्टोबरात जालन्याला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. करोनाच्या काळात राज्याचं आरोग्य खातंही याच जिल्ह्याच्या आमदाराकडे होतं, तेव्हा जिल्ह्याला कुणी वाली नाही ही तक्रार आता जुनी झाली. महाविद्यालय म्हटलं की सूक्ष्मजीवशास्त्र विभाग आलाच. त्या विभागाने रक्त, लघवी आणि जखमेचे कल्चर चोवीस तास, रविवारीही घ्यावेत. जाफराबाद, भोकरदन, अंबड, घनसावंगीहून नमुने रोज उचलायला एक गाडी ठेवावी. डायलिसिसच्या आणि नवजात बाळांच्या कक्षात दर महिन्याला किती संसर्ग झाले, त्याचा आकडा बाहेर लावावा. कर्करोग रुग्णालयाने केमोच्या प्रत्येक रुग्णाच्या कार्डावर मराठीत, ठळक अक्षरांत लिहून द्यावं की ताप १०१ झाला तर जवळच्या आरोग्य केंद्रात कोणतं इंजेक्शन किती द्यायचं आणि मग १०८ बोलवायची. ते इंजेक्शन त्या केंद्राच्या कपाटात असावं आणि ते द्यायला रात्री माणूस असावा.

आणि वर्षाअखेरीस जालन्याने आपल्या जिल्ह्यात कोणत्या जंतूवर कोणतं औषध किती टक्के चालतं याचा एका पानाचा तक्ता छापावा. एक प्रत टेंभुर्णीच्या आरोग्य केंद्रात लावावी, एक बाजारपेठेतल्या मेडिकलच्या काउंटरवर. तो तक्ता लागला की मेडिकलवाल्याला काय सुनवायचं ते बोलू. मीही येईन.